प्रज्ञेची पारख आणि परीक्षेची भाषा

बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य कसोटी प्रज्ञावंत मुले शोधण्यासाठी तयार झाली नव्हती. शाळेच्या सामान्य वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशी मुले वेळीच ओळखता यावीत, ह्या हेतूने आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ ह्यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली आपली प्रश्नमाला सिद्ध केली. तिचे अमेरिकन संस्करण लुइस टर्मन ह्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१६ साली प्रसिद्ध केले आणि १९२१ पासून मुख्यतः त्याच्या आधारे कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार प्रज्ञावंत मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास आरंभ केला. तळाशी राहणाऱ्यांना हुडकण्यासाठी घडविलेले माप अशा रीतीने अवघ्या सोळा वर्षांत शिखरावरील मुलांना लावले गेले. ह्या निवडीच्या वेळी विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले तपासली जाऊनही मर्यादेच्या अलीकडे राहिली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकास १९५६ साली व दुसऱ्यास १९६८ साली. ही हकीकत बहुधा कसोट्यांची टिंगल करण्यासाठी सांगितली जाते. ते न्याय्य नव्हे, कारण टर्मन ह्यांनी निवडलेल्या मुलांपैकी पुष्कळांनी विद्येच्या व व्यवसायाच्या क्षेत्रांत उत्तम कामगिरी केली. परंतु एक प्रश्न त्यातून निश्चित उद्भवतो: कसोटी जे नोंदविते ते नेमके काय असते?

मराठी मुलांपुरता हा प्रश्न नवा नाही. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिने-कसोट्यांचे मराठी व कन्नड मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. पुण्यात १९६२ साली वि. वि. पेंडसे ह्यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने गिलफर्ड ह्यांच्या बुद्धिरचनेच्या उपपत्तीचा आधार घेऊन अधिक व्यापक कसोट्यांचा मार्ग स्वीकारला. एका प्रश्नाचे एकच उत्तर शोधणारा विचार आणि एका प्रश्नाची अनेक उत्तरे सुचणारा विचार ह्यांतील भेद तेथे ध्यानात घेतला गेला. ह्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि कसोटीची भाषा कितीही बदलली, तरी कसोटी ही मुलाच्या अंतिम उत्तराचीच नोंद घेते. ते उत्तर त्याने कोणत्या वाटेने गाठले ह्याची नोंद होत नाही. आणि प्रज्ञेचा संबंध असेल तर तो त्या वाटेशीच अधिक असतो.

शिष्यवृत्ती-परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीच्या धर्तीवर एक साधा प्रश्न घ्यावा. ‘नांगर, कुळव, पाभर, खुरपे’ ह्या चारांतून गटात न बसणारे पद ओळखावयाचे आहे. प्रश्न रचणाऱ्याच्या मनातील उत्तर ‘खुरपे’ हे असणार, कारण इतर तीन औते जनावरांनी ओढली जातात आणि खुरपे हातात धरले जाते. पण शेतकऱ्याची मुलगी क्षणभर विचार करून ‘पाभर’ असे उत्तर देईल. पाभरीने पेरणी होते, बाकीची तिन्ही साधने जमिनीची किंवा तणाची मशागत करतात. हे उत्तर कोणत्याही अर्थाने कमी दर्जाचे नाही. उलट साधनाच्या बाह्य वापरापेक्षा त्याच्या कार्याकडे पाहणारी ही वर्गवारी अधिक सूक्ष्म आहे, असेही म्हणता येईल. उत्तरपत्रिकेवर मात्र तिला शून्य गुण मिळतात. विदर्भातील मुलाची अडचण आणखी वेगळी. त्याच्या घरी वखर आणि तिफण हे शब्द आहेत. कुळव आणि पाभर हे त्याला पुस्तकातून भेटतात. शहरातील मुलाला चारही शब्द सारखेच परके असल्यामुळे तो बहुधा अंदाजाने उत्तर देईल, आणि चारांतून एकदा त्याचा अंदाज बरोबरही येईल. (औते आता बव्हंशी ट्रॅक्टरला जोडली जातात, तेव्हा ‘जनावर’ हा निकष आजच्या मुलाला सुचेलच असे धरणेही धाडसाचे आहे.) ‘का?’ एवढा एकच प्रश्न पुढे जोडला असता, तर ह्या तीन मुलांमधील भेद स्पष्ट झाला असता. यंत्राने तपासावयाच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नसते.

ह्याच जातीचा अनुभव रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया ह्यांना १९३१-३२ साली उझबेकिस्तानात आला होता, जरी त्यांचे ते संशोधन १९७४ पर्यंत ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकले नाही. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका ह्यांतून वेगळी वस्तू काढावयास सांगितले असता शाळेचा संस्कार न झालेले शेतकरी ओंडका काढावयास तयार होत नसत. ओंडका नसेल तर करवत आणि कुऱ्हाड कशावर चालवावयाची, हा त्यांचा प्रतिप्रश्न. लुरिया ह्यांनी ह्याचा अर्थ अमूर्त विचारपद्धती अद्याप आलेली नाही असा लावला. हा अर्थ सर्वस्वी मान्य करण्याचे कारण नाही. ‘वेगळी वस्तू काढा’ ह्या वाक्याचा व्यवहारातील अर्थ त्या शेतकऱ्यांनी आपल्या जीवनाशी सुसंगत असाच लावला होता, आणि त्या अर्थाने त्यांचे उत्तर चोख होते. परीक्षेतील वाक्ये ही भाषेची एक स्वतंत्र शैली आहे आणि ती शाळेतच शिकावी लागते, हा त्यातील धडा भाषेच्या अभ्यासकाला अधिक जवळचा वाटेल.

विल्यम लबॉव्ह ह्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात केलेल्या निरीक्षणांनी ह्या धड्याला दुसरी बाजू जोडली. त्यांच्या १९६९ सालच्या प्रसिद्ध निबंधात आठ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाचे उदाहरण आहे. त्याच वस्तीत वाढलेला, त्याच वर्णाचा मुलाखतकार समोर असूनही मुलगा एकाक्षरी उत्तरांपलीकडे गेला नाही. पुढल्या भेटीस तोच मुलाखतकार बटाट्याच्या काचऱ्यांची पिशवी घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला सोबत घेतले आणि तिघेही जमिनीवर बसले. मग दोघा मुलांना बोलण्यात एकमेकांच्या आधी घुसण्याची घाई झाली. मुलाची भाषाशक्ती दोन भेटींत वाढलेली नव्हती. बदलली होती ती केवळ संभाषणाची सामाजिक मांडणी. पहिल्याच भेटीवर थांबणाऱ्या कोणत्याही मापनाने त्याची नोंद ‘भाषिक दृष्ट्या वंचित’ अशी केली असती, आणि त्या काळी अमेरिकेत तशा नोंदी होतही होत्या.

शब्दच नसलेल्या कसोट्या वापराव्यात, हा ह्यावरचा नेहमीचा उपाय. रेव्हन ह्यांची आकृतिबंधांची कसोटी १९३८ पासून ह्याच आशेने वापरली जाते. परंतु जेम्स फ्लिन ह्यांनी १९८७ साली चौदा राष्ट्रांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा असे दिसून आले की, पिढीगणिक होणारी गुणांची वाढ ह्याच प्रकारच्या कसोट्यांत सर्वांत मोठी आहे. जी कसोटी संस्कृतीपासून मुक्त मानली जात होती, तिच्यावरील गुण केवळ एका पिढीत इतके बदलावेत, ह्याचा अर्थ शब्द वगळल्याने संस्कृती वगळली जात नाही. चौकटीत मांडलेली आकृती डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचावयाची, हाही एक शिकलेला संकेतच आहे.

तेव्हा प्रमाणित कसोट्या टाकून देऊन शिक्षकांच्या शिफारशीवर, मुलांच्या कामावर किंवा मुलाखतीवर विसंबावे काय? येथे उत्साहाला आवर घालणे अवश्य आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो ह्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याची हकीकत आहे. तेथे प्रज्ञावंतांच्या वर्गासाठी मुलांची नावे शिक्षक आणि पालक सुचवीत असत. नंतर दुसऱ्या इयत्तेतील सर्वच मुलांना एक शब्दविरहित चाळणी-कसोटी देण्यास आरंभ झाला, आणि गरीब, कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक घरांतील निवडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली. पैशाच्या टंचाईमुळे ही सार्वत्रिक कसोटी बंद पडली, तेव्हा प्रमाण पुन्हा खाली आले. शिक्षकाची नजर कसोटीहून अधिक न्यायी असते, ही समजूत ह्या निष्कर्षापुढे टिकत नाही. नीटनेटके, प्रमाण भाषेत बोलणारे आणि सांगितले ते ऐकणारे मूल हुशार वाटणे, हा दोष कसोटीतील दोषाहून वेगळा नाही. तो फक्त कागदावर दिसत नाही. म्हणून सर्वांना दिलेली कसोटी हे पहिले विस्तृत जाळे म्हणून राहिलेच पाहिजे. आक्षेप आहे तो तिलाच अखेरचे दार बनविण्यास.

भारतात एके काळी हे दार अधिक रुंद होते, ह्याचे विस्मरण झालेले दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ साली दिल्लीत आणि १९६४ पासून देशभर सुरू केलेल्या विज्ञान-प्रज्ञाशोध योजनेत वस्तुनिष्ठ कसोटीबरोबर वैज्ञानिक विषयावरील निबंध, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि मुलाखत ह्यांचा अंतर्भाव होता. १९७६ साली योजनेची व्याप्ती इतर विद्याशाखांपर्यंत वाढली. त्याच वेळी लेखी भागात दोन वस्तुनिष्ठ कसोट्या तेवढ्या उरल्या, निबंध व प्रकल्प गेले. पुढे मुलाखतही गळाली, आणि २०२१ साली मंजुरीची मुदत संपल्यावर योजनाच स्थगित झाली. उमेदवारांची संख्या वाढली की मापन स्वस्त करावे लागते, हे शासकीय तर्कशास्त्र समजण्याजोगे आहे. परंतु ह्यात जे गेले ते काही शोभेचे अंग नव्हते. मुंबईतील विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालविलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेने लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन-प्रकल्प आणि मुलाखत हे टप्पे ठेवले, ही म्हणूनच महत्त्वाची गोष्ट होय. अर्थात प्रकल्प मुलाचा किती आणि पालकांचा किती, हा प्रश्न तेथेही सुटत नाही. ज्या घरात प्रकल्पाचा अहवाल टंकलिखित करून देणारे कोणी नाही, त्या घरातील मुलाची बाजू पुन्हा लंगडी पडते. शिवाय तयार काम वाचणाराही जाणता असावा लागतो. हार्डी ह्यांच्याकडे १९१३ साली जाण्यापूर्वी रामानुजन ह्यांची सूत्रे केंब्रिजच्याच इतर गणितज्ञांच्या हाती पडली होती आणि त्यातून काही निष्पन्न झाले नव्हते.

तयार कामाऐवजी काम होत असतानाच ते पाहावे, आणि तेही सर्व मुलांना सारख्याच अपरिचित सामग्रीवर, ही तिसरी वाट अधिक आशादायक आहे. भाषाविज्ञानाने तिचा एक उत्तम नमुना साठ वर्षांपूर्वीच घडविला. मॉस्को विद्यापीठात १९६५ साली शालेय विद्यार्थ्यांसाठी भाषाविज्ञानाची पहिली स्पर्धा भरली. तिच्या मागे आल्फ्रेड झुरिन्स्की हा त्या वेळचा विद्यार्थी आणि गणितज्ञ व्लादीमिर उस्पेन्स्की ह्यांची प्रेरणा होती. पुढे २००३ साली बल्गेरियात बोरोवेत्स येथे तिला आंतरराष्ट्रीय रूप आले आणि २०१६ ची स्पर्धा म्हैसूर येथे झाली. ह्या स्पर्धांतील प्रश्नांचे वैशिष्ट्य असे की, सोडविण्यास लागणारे सर्व ज्ञान प्रश्नातच दिलेले असते. ती भाषा कोणालाच येत नसते. अज्ञानाची समान पातळी ही येथील न्यायाची अट आहे.

तुर्की भाषेवरील एका छोट्या प्रश्नाने हे स्पष्ट होईल. मुलाला पाच शब्द द्यावेत: एव म्हणजे घर, एवलेर म्हणजे घरे, एवलेरदे म्हणजे घरांत, ओदा म्हणजे खोली, ओदालार म्हणजे खोल्या. मग ‘खोल्यांत’ ह्यासाठी शब्द विचारावा. जे मूल ‘ओदालारदे’ असे लिहील, त्याने शब्दाचे तुकडे पाडले, अनेकवचनाचा आणि ‘आत’ ह्या अर्थाचा प्रत्यय वेगळा केला, क्रमही ओळखला. हे थोडे काम नव्हे. जे ‘ओदालारदा’ असे लिहील, त्याने लेर आणि लार ह्यांतील फरक आकस्मिक नाही हे ताडून, कोठेही न दिसलेले ‘दा’ हे रूप स्वतः घडविले. येथपर्यंत लेखी परीक्षाही पोहोचू शकेल.

खरी गंमत पुढे आहे. मुलाला त्याने बसविलेला नियम सांगावयास लावावे. बहुधा तो असा असतो की, शब्दातील शेवटचा स्वर जो असेल तोच प्रत्ययात येतो. मग त्याला नवा शब्द द्यावा: कोल म्हणजे बाहू, आणि त्याचे अनेकवचन ‘कोल्लार’. मुलाच्या नियमाप्रमाणे ते ‘कोल्लोर’ असावयास हवे होते. ह्या क्षणी मूल काय करते, हे पाहण्यासारखे असते. कोणी हा अपवाद म्हणून बाजूला टाकतो, कोणी निरीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि कोणी आपला नियम मोडून ए हा एका गटात व आ, ओ हे दुसऱ्या गटात अशी नवी विभागणी करतो. शेवटी ‘दिल’ म्हणजे जीभ (हिंदीतील दिलाशी त्याचा संबंध नाही) ह्याचे अनेकवचन विचारावे. दिलेल्या शब्दांत इ हा स्वर कोठेच नाही. तरीही एखादे मूल स्वतःच्या तोंडात हे स्वर म्हणून पाहते, जीभ पुढे जाते की मागे हे चाचपते आणि ‘दिल्लेर’ ह्या रूपाशी येते. त्याला स्वरसंवादाचे नाव ठाऊक नसते. परंतु भाषाविज्ञानाच्या वर्गात जे प्रयासाने शिकवावे लागते ते त्याने दहा मिनिटांत स्वतः शोधलेले असते.

जे मूल मध्येच अडते त्याला सूचना द्यावी आणि किती सूचनांनंतर ते पुढे सरकते हे नोंदवावे. ह्या पद्धतीमागील तत्त्व लेव्ह व्हिगोट्स्की ह्यांचे आहे. मानसिक वय आठ वर्षे ठरलेली दोन मुले घेतली आणि त्यांना थोडे साहाय्य दिले, तर एक बारा वर्षांच्या पातळीचे प्रश्न सोडविते आणि दुसरे नऊच्या पुढे जात नाही. मग त्यांची बुद्धी समान कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता. साहाय्याविना होणारे आणि साहाय्याने होणारे काम ह्यांतील ह्या अंतराला त्यांनी निकट विकासाचे क्षेत्र म्हटले. १९३४ साली त्यांचा अकाली मृत्यू झाला. इझ्राएलमध्ये रूवेन फॉयरस्टाइन ह्यांनी ह्याच दिशेने, परंतु आपल्या स्वतंत्र अनुभवातून, अध्ययनक्षमता तपासण्याची पद्धती उभारली. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरित मुलांचा बुद्ध्यंक नेहमीच्या कसोट्यांवर अतिशय कमी येत असे. आधी शिकवून मग तपासल्यावर त्यांतील पुष्कळ मुले झपाट्याने पुढे गेली. अॅरिझोना विद्यापीठात जून मेकर ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात नव्हाहो व मेक्सिकनवंशीय मुलांसाठी ह्याच्या जवळचा प्रयोग केला. मुलांना रंगीत तुकड्यांतून आकृती रचावयास, खेळण्यांवरून कथा सांगावयास देऊन प्रशिक्षित निरीक्षक त्यांच्या रीतीची नोंद घेत, आणि मुलांनी आपल्या घरच्या भाषेत बोलण्यास आडकाठी नसे.

अशा मूल्यमापनाचा खर्च दुर्लक्षिण्याजोगा नाही. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी अर्धा तास धरला तरी वीस तास लागतात, आणि निरीक्षक दोन असावेत म्हटले तर चाळीस. म्हणून ते सर्वांना लावता येणार नाही. सार्वत्रिक कसोटीत मध्यापलीकडे आलेल्या, परंतु उच्चांकाच्या खाली राहिलेल्या मुलांसाठी ते राखून ठेवावे, हेच व्यवहार्य दिसते. गुणांची विश्वसनीयता हाही खरा प्रश्न आहे. दोन निरीक्षकांनी एकाच मुलाच्या वर्तनाला वेगवेगळी नावे दिली, तर पालक न्यायालयात जातील ही भीती अगदीच काल्पनिक नाही. नोंदीचे कोष्टक आधी ठरवून, ध्वनिमुद्रण जपून आणि निरीक्षकांची मते परस्परांपासून स्वतंत्र घेऊन हा दोष पुष्कळ कमी करता येतो. पूर्णतः नाहीसा होत नाही.

महाराष्ट्रापुरती सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि तिचा विचार शिक्षणशास्त्राच्या विभागांहून भाषाविज्ञानाच्या विभागांनीच करावयास हवा. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, गडचिरोलीतील गोंडी ही द्राविडी. ह्या भाषांचे मराठीशी कौटुंबिक नाते नाही. तुर्की शब्दांसमोर बसलेले कोरकू मूल विचार कोरकूत करील आणि स्वतःशी पुटपुटेलही कोरकूत. कोरकू न जाणणारा निरीक्षक त्याच्या वहीत ‘मूल गप्प आहे’ असे लिहून ठेवील, म्हणजे हार्लेममधील पहिल्या भेटीचीच ती आवृत्ती होईल. शब्दांचे अर्थही त्याला मराठीतून दिले, तर त्याला एका अपरिचित भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्धपरिचित भाषेतून लावावा लागतो; शहरी मुलाच्या तुलनेत त्याचे काम दुप्पट होते आणि अज्ञानाच्या समान पातळीची अट तेथेच मोडते.

हा भाषेचा वाटा किती आहे, हे आज कोणी अंदाजाने सांगू नये. तो मोजता येण्याजोगा आहे. एका आश्रमशाळेतील वीस मुले, वर दिलेल्या प्रकारचे चार प्रश्न, अर्थ एका गटाला कोरकूतून व दुसऱ्याला मराठीतून दिलेले, एक निरीक्षक कोरकू बोलणारा आणि दुसरा केवळ मराठी बोलणारा, आणि दोघांनी एकमेकांना न दाखविता केलेल्या नोंदी. दोन्ही नोंदवह्या शेजारी ठेवल्या की मुलाच्या कोणत्या कृती एकीत आहेत आणि दुसरीत नाहीत, ह्याची यादी करता येईल. ध्वनिमुद्रक आणि दोन वह्या ह्यांपलीकडे ह्या कामास साहित्य लागत नाही. एका पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले हे काम आहे, मात्र ते हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने आधी एक वर्ष कोरकू शिकली पाहिजे.